खंडेनवमीला धुतलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्त करायला कुणाच्या घरी गेलं की पहिली पाच मिनिटं खोटं ऐकून घ्यावं लागतं. "काही केलं नाही हो, आपोआपच बंद पडला." हे वाक्य मी बारामतीपासून इंदापूरपर्यंत इतक्या घरांत ऐकलंय, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मी ते मनातल्या मनात म्हणून टाकतो. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी चहा सांडलेला असतो, कुणीतरी पिन उलटी घालून वरनं बुक्की मारलेली असते, कुणीतरी बक्षीस लागल्याच्या निरोपावर बोट ठेवलेलं असतं. मी मान डोलावतो आणि म्हणतो, "होतं असं कधीकधी." बायकापोरांसमोर माणसाचा पाणउतारा करायचा नाही, हा नियम मी सुरुवातीलाच घालून घेतला आणि त्याच्यावरच माझी गिऱ्हाइकं टिकली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी निसार तांबोळी. बारामतीत दोन टेबलं आणि एक स्टूल मावेल एवढा माझा गाळा आहे, पण खरं दुकान म्हणजे माझी मोटरसायकल. मागे पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, स्पिरिटची बाटली, दात घासायचा जुना ब्रश आणि दोन-चार वायरी. हा धंदा आता सरत आला, असं लोक मला गेली दहा वर्षं सांगतायत. मोबाइल आले, लोकांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं, हे खरंच आहे. पण आमच्याकडं वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही. जुन्या कॉम्प्युटरातली फिरती डिस्क काढून तिथं न फिरणारी, चपटी, नव्या जातीची डिस्क बसवली, की जे यंत्र उठायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचं ते चुटकीसरशी उठतं. मग त्याची वायर टीव्हीला जोडायची. केबल बंद केली तरी बातम्या, मालिका, कुस्त्या, कीर्तनं, सगळं त्याच्यातनं दिसतं. माझं निम्मं काम आता हेच आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हवं ते हवं तेव्हा लावून दाखवलं, की त्याच्या तोंडावर जे उमटतं ते बघायला मी आजही ऊन खात तीस किलोमीटर जातो.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. नरसिंहपूरला एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं चालून बंद पडायचा. मी तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा माझ्यासमोर तास-तास चालला. मास्तर माझ्याकडं संशयानं बघायला लागले आणि मी मास्तरांकडं. चौथ्या वेळी न सांगता गेलो, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या घरच्या बाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याला, म्हणजे कॅबिनेटला, झालर लावलेला जाड झगा शिवला होता. मी येणार म्हटलं की पाहुण्यासमोर मळका दिसू नये म्हणून त्या तो झगा काढून धुवायला टाकत. एरवी कॉम्प्युटर झगा घालूनच चालायचा, आतली गरम हवा आतच राहायची आणि तो बिचारा गुदमरून डोळे मिटायचा. मी झगा काढायला सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "उघडा बरा दिसत नाही हो." मग झग्याला मागून खिडकी कापायची असं ठरलं, आणि तो अजून चालतोय.

पण मला सांगायचंय ते शेळगावच्या आक्कांबद्दल. माझ्या सगळ्या धंद्यात 'आपोआप' हा शब्द न वापरणारं एकच गिऱ्हाईक मला भेटलं, ते म्हणजे ही बाई.

तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे शहरातल्या वाचकांना ऐकून माहीत असेल. कोयते, खुरपी, पाने, पहारी, पाण्याच्या मोटरी, ट्रॅक्टर, सगळं धुऊन-पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं घालतात. आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत. तालुक्यातले सगळे मिस्त्री त्या दिवशी हात बांधून बसतात. माझ्या शेजारच्या गाळ्यातला सायकलवाला पोपटराव दरवर्षी येतो आणि माझ्याही स्क्रू-ड्रायव्हरला कुंकवाचं बोट लावून जातो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. एखाद्या वर्षी त्याला उशीर झाला तर मीच हाक मारून विचारतो, "का रं, आमची हत्यारं परकी झाली काय?" फक्त तो दिवसभर सुट्टी घेतो आणि मी घेत नाही. म्हणून खंडेनवमीला बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूचा फोन मला येतो, अगदी मिक्सरचासुद्धा.

दुपारी बाराच्या सुमाराला शेळगावहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे आक्कांचे मालक, उसाचे बागायतदार, थोडं बोलून जास्त हसणारे.

"निसारभाई, कॉम्प्युटरनं जीव सोडला."

"काय झालं?"

"काय न्हाय. आपोआपच..."

मागून आक्कांचा आवाज आला. "खोटं कशाला सांगताय? म्या धुतला म्हणून सांगा की."

मी फोन कानापासून लांब धरून दोन मिनिटं हसलो. मग मोटरसायकल काढली.

भवानीनगर मागे पडलं तेव्हा माझं हसू जरा ओसरलं होतं, कारण एक गोष्ट आठवली. वर्षापूर्वी तो कॉम्प्युटर मीच त्यांच्याकडं बसवला होता आणि जाताना आक्कांना बजावलं होतं, "आक्का, ह्याला घरातल्या हत्यारावानी जपायचं. धूळ बसू द्यायची न्हाय." बाईंनी शब्दाला शब्द पाळला होता. धूळ बसू दिली नव्हती.

पोहोचलो तर सोप्यावर पूजा मांडलेली. कोयते, खुरपी, पाने, फवारणीचा पंप, सायकलीत हवा भरायचा पंप, आणि त्यांच्या रांगेत शेवटी कॉम्प्युटर. पितळेच्या भांड्यासारखा लख्ख घासलेला, वर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. बाहेर अंगणाच्या पार टोकाला ट्रॅक्टर, त्यालाही तशीच माळ. आक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र शेताच्या पलीकडच्या बांधावर पोचणारा.

"कसा धुतला आक्का?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? जसा ट्रॅक्टर धुतला तसा. साबण लावला, ब्रश मारला, दोन बादल्या पाणी घातलं. मग पालथा घालून उन्हात ठेवला. चांगला तासभर."

"आन् मग?"

आक्कांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी ट्रॅक्टरकडं बघितलं. पूजेला बसवायच्या आधी चालतो का बघावा म्हणून तात्यांनी बटण दाबलं होतं. फट्ट असा आवाज झाला, जळका वास आला आणि घरातला दिवा एकदा लुकलुकला.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कधी उपयोगी पडेल. कॉम्प्युटर पाण्यानं मरत नाही. आत ओल असताना वीज सोडली तर मरतो. पाणी पडलं तर घाबरायचं नाही, फक्त पिन काढायची आणि नीट वाळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. मी हे आक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि पदर सावरून म्हणाल्या, "म्हंजे मी न्हाय मारला. ह्येंनी मारला." तात्या उठून ट्रॅक्टरची माळ सरळ करायला गेले.

एवढं हसणं-बोलणं झालं आणि मग आक्कांचा आवाज एकदम खाली आला. त्या आवाजाची मला सवय नव्हती.

"निसार, उद्या धाला रुतूचा सामना हाय," त्या म्हणाल्या.

रुतू म्हणजे ऋतुजा, त्यांची नात. खो-खो खेळायची. गावच्या शाळेपासून खेळत खेळत राज्याच्या संघापर्यंत गेली होती आणि दोन वर्षांपासून बाहेरगावी सरावाच्या ठिकाणीच राहायची. राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा सामना परराज्यात होता आणि तिचा बाप, म्हणजे आक्कांचा मुलगा, तिच्यासोबत तिकडं गेला होता. अंतिम सामना दसऱ्याच्या दिवशी सकाळी ठेवणाऱ्यानं मराठी घर बघितलेलं नसावं. टीव्हीच्या कुठल्याच वाहिनीवर तो दिसणार नव्हता. फक्त इंटरनेटवर दाखवणार होते. मोबाइलवरच्या एवढ्याशा चित्रात आक्कांना काय दिसणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो, आणि इंटरनेट टीव्हीवर आणणारं त्या घरातलं एकुलतं एक यंत्र माझ्यासमोर माळ घालून मेलेलं पडलं होतं.

"मी तिला मैदानात पळताना कधी बघितलंच न्हाय रं," आक्का म्हणाल्या. "हितं व्हती तवा शाळेत खेळायची, आन् मी रानात. आता एक डोळा काचबिंदूनं गेलाच. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणला, अजून वरीसभर धरा. लोकं येऊन सांगत्यात, आक्का, तुमची पोरगी लई पळती. मी काय जन्मभर लोकांच्या तोंडानं बघू व्हय?"

मी पिशवी उघडली आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"थांब," आक्का म्हणाल्या. चांगल्या डोळ्यासमोर स्क्रू-ड्रायव्हर धरून त्यांनी तो फिरवून बघितला. "ह्यो बी पूजेला बसलाय की. कुंकू हाय ह्याला."

पोपटरावाची कृपा. मी कपाळावर हात मारला. "आक्का, मी पाळत न्हाय ते."

"तू पाळत नसशील. पर हत्यारानं कुंकू लावून घेतलंय ना? आज त्याला उठवायचं न्हाय. आन् ह्यो कॉम्प्युटरबी बसलाय."

"आक्का, आत पाणी हाय. आज उघडून उन्हात ठेवला तरच उद्या धाच्या आत काही व्हईल. उद्या उघडला तर सामना गेला म्हणून समजा."

बाई विचारात पडल्या. हे हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं. पन्नासेक वर्षं त्या घरात त्यांनी त्या दिवशी विळीसुद्धा उचलली नव्हती, आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायच्या. एकीकडं हे आणि दुसरीकडं रुतू. आपलं ऐकून कुणी चुकीचं केलं तर देव आपल्याला विचारील, अशा चेहऱ्यानं त्या बसल्या होत्या. तात्या मध्ये पडले नाहीत. मीही पडलो नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरला मी उठवते. मीच बसवला, मीच हात जोडून उठवते, देवाला काय सांगायचं ते माझं मी बघीन. पर हत्यार लावायचं न्हाय. हातानं काय व्हतंय ते कर."

आता स्क्रू हातानं कसे निघणार? तात्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि रुपयाचं नाणं माझ्यापुढं धरलं. कॅबिनेट जुन्या पद्धतीचं, स्क्रू जाड आणि आडव्या खाचेचे. नाणं खाचेत बरोबर बसलं. आम्ही दोघांनी आक्कांकडं बघितलं.

"नाण्याची पूजा लक्ष्मीपूजनाला," आक्कांनी निकाल दिला. "आज ते मोकळं हाय."

मग आमचं कामकाज सुरू झालं. मी नाण्यानं एकेक स्क्रू फिरवायचा, आणि प्रत्येक नव्या वस्तूला आक्कांची परवानगी घ्यायची. दात घासायचा ब्रश? चालतो, ते हत्यार नव्हे. स्पिरिट? औषध आहे, चालतं. फटींतलं पाणी उडवायला हवेचा पंप हवा होता, पण तो रांगेत कुंकू लावून बसलेला. आक्का आत गेल्या आणि चुलीपाशी असते ती फुंकणी घेऊन आल्या.

"ही कशी चालती?" तात्यांनी विचारलं.

"चुलीला कधी सुट्टी दिलीया का तुमी? मग फुंकणीला कुठली असणार?"

तोंडाच्या हवेत ओल असते हे मला कळत होतं, पण आक्का मांडी घालून एवढ्या तन्मयतेनं फुंकत होत्या, की मी म्हटलं, असू दे, नंतर पंखा लावू. आत साबणाचा फेस वाळून पांढरा थर झाला होता. तो ब्रशनं आणि स्पिरिटनं काढला. वीज आत घेऊन सगळ्या भागांना वाटून देणारी एक लोखंडी डबी असते, तिला आम्ही पॉवर सप्लाय म्हणतो. ती जळाली होती. बाकीचं जिवंत आहे की नाही ते नवी डबी लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ते मी आक्कांना तसंच सांगितलं. उगाच धीर द्यायची मला सवय नाही. सगळे भाग सुपात मांडून पंख्यासमोर उन्हात ठेवले. सूप चालतं का, ते मी विचारलं नाही.

दसऱ्याला सकाळी मी माझ्या घरच्याच कॉम्प्युटरची डबी काढली आणि निघालो. सणाच्या दिवशी कुठलं दुकान उघडून घेणार? आठ वाजता पोहोचलो तर आक्कांची पूजा आटपलेली, ओले केस मोकळे सोडून त्या दारातच उभ्या.

"पहाटंच उठवली सगळी हत्यारं," त्या म्हणाल्या. "आता लाव तुझा स्क्रू-ड्रायव्हर."

डबी बसवली, वायरी जोडल्या, अल्लाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. आणि लगेच कॉम्प्युटर पीं पीं करून ओरडायला लागला आणि थांबेचना.

"रडतंय का?" आक्कांनी विचारलं.

एका अर्थी रडतच होतं. मेमरीची एक पट्टी असते, तिच्या पिवळ्या टोकांवर मळ बसला की कॉम्प्युटर असा गळा काढतो. त्यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे, जो कुठल्याही पुस्तकात नसावा. पट्टी काढायची आणि शाळेतल्या खोडरबरनं ती टोकं घासायची. पण माझ्या पिशवीत नेमकं खोडरबर नव्हतं. आक्का फळीवर चाचपत गेल्या आणि ऋतुजाची शाळेतली कंपासपेटी घेऊन आल्या. आत अर्धं झिजलेलं रबर होतं, एका बाजूला दातानं कुरतडलेलं. मी घासलं, पट्टी परत बसवली, बटण दाबलं. एकदाच पीं झालं आणि टीव्हीवर उजेड आला. तात्यांनी माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मी टीव्हीवरच आपटणार होतो.

इंटरनेटसाठी माझाच मोबाइल खिडकीत ठेवला. पहिल्यांदा चित्र दोन पावलं चालून थांबायचं. मी चित्राचा दर्जा जरा उतरवला, तेव्हा ते सलग चालायला लागलं. टीव्हीवर मैदान आलं, खांब आले, बसलेल्या पोरींची रांग आली. एव्हाना आळीतली पंधरा-वीस माणसं सोप्यावर आणि अंगणात जमली होती. मी स्वतःवर भलताच खूश होतो. आक्कांची खुर्ची टीव्हीपुढं हातभर अंतरावर होती, त्या रोज बसायच्या तिथं.

सामना सुरू झाला. आळी ओरडत होती. आक्का मात्र मान इकडून तिकडं फिरवत होत्या. जरा वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "निसार, रुतू कुठं हाय?"

"अजून उतरली न्हाय. दुसऱ्या तुकडीत हाय."

"ते न्हाय रं. मला निस्तं पाय दिसत्यात. कुणाचं हायती तेबी कळंना. आले म्हणंस्तोवर जात्यात." त्यांनी अंगठा आणि बोटाचं कडं करून चांगल्या डोळ्यापुढं धरलं. "मला एवढंच दिसतं. बांगडीएवढं."

हेच शब्द त्यांनी मला वर्षापूर्वी सांगितले होते. टीव्हीवर नीट दिसत नाही, बांगडीतनं बघितल्यावानी दिसतं, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी शहाणा म्हणालो होतो, "मोठा टीव्ही घ्या आक्का." मीच तो मोठा टीव्ही आणून दिला आणि मीच त्यांची खुर्ची टीव्हीला चिकटवून ठेवली. इतकी वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो होतो, दिसत नसलं तर मोठं करा. डोळ्याची कड गेलेल्या माणसाला मोठं केलं की उलट कमी दिसतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. वर्षभर ती बाई एका मोठ्या चित्राचा एकेक तुकडा बघत बसली होती, आणि मला चहा पाजत होती.

मी माझ्या बोटांचं कडं करून डोळ्याला लावलं आणि टीव्हीसमोर उभा राहिलो. पाय दिसले. चार पावलं मागं गेलो. एक अख्खी पोरगी दिसली. अजून मागं गेलो, तसा कड्यात खांब आला.

"तात्या, खुर्ची उचला," मी म्हणालो.

"कुठं?"

"मागं."

आक्का बसल्या होत्या तशीच खुर्ची आम्ही दोघांनी उचलली. सोप्याच्या मधे टेकवली. "दिसतंय का आक्का?" "एकच दिसती." उंबऱ्यापाशी नेली. "आता?" "दोघी." आळीतली माणसं बाजूला सरकली, त्यांना वाटलं म्हातारीला चक्कर आली. अंगणात उतरलो. तात्यांचा श्वास फुलला होता, माझी पाठ भरून आली होती. "आता?" "निम्मं मैदान. मागं चला." टीव्ही आता दाराच्या चौकटीत छोटा, उजळ दिसत होता. आम्ही मागं मागं सरकत पार अंगणाच्या टोकाला, ट्रॅक्टरच्या चाकाला येऊन टेकलो.

"थांबा," आक्का म्हणाल्या. "हितं ठेवा. सगळं बसलं."

दोन्ही खांब, मधली रांग, पळणाऱ्या, पाठलाग करणारी, सगळं त्या बांगडीत बसलं होतं. दारापासून आमच्यापर्यंत सगळ्या आळीनं मधे वाट सोडली होती, कुणी डोकं वर काढत नव्हतं. दुसरी तुकडी मैदानात उतरली. तीन पोरी, तिघींचा एकच वेश. एवढ्या लांबून मला तर मुंग्या दिसत होत्या आणि उतरवलेल्या दर्जात कुणाच्या पाठीवरचा नंबरही वाचता येत नव्हता. टीव्हीजवळचे सुद्धा एकमेकांना विचारत होते, आपली कुठली?

"ती मधली," आक्का म्हणाल्या. "डावा खांदा पाडून पळतीया ती. ल्हानपणी असंच पळायची, माझ्या लाटण्याला चुकवून."

आणि मग बाई बोलतच सुटल्या. आता खांबाला वळसा घातला. आता फसवलं बघ तिला. आली, आली, न्हाय सापडली. माझ्या बाजूला खुर्चीत बसून त्या मला सामना सांगत होत्या, दोन चांगले डोळे असलेल्या मला. ऋतुजाच्या सोबतच्या दोघी बाद झाल्या तरी ती एकटी पळत राहिली, शेवटी पार दमून एका खांबाशी सापडली. आक्कांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी डोळ्यापुढं पदरही येऊ दिला नाही.

सामना आपल्या पोरी थोडक्यात हरल्या. आळी हळहळली. आक्का म्हणाल्या, "हरल्या तर हरल्या. पळाली का न्हाय ती?" आणि सगळ्यांना पुरणपोळी वाढल्याशिवाय जाऊ दिलं नाही. माझ्या हातात आपट्याची पानं देऊन तात्या म्हणाले, "निसारभाई, पुढच्या खंडेनवमीला कॉम्प्युटर मी सांभाळतो." आक्का म्हणाल्या, "तुमी बटनाला हात लावू नका, म्हंजे झालं."

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं, ऋतुजा येणार होती. आम्ही सोप्यावर बसलो होतो. गाडी थांबली आणि ती उतरली, गळ्यात रुपेरी पदक, खांद्यावर बॅग. आज्जी दिसताच ती बॅग टाकून धावत सुटली.

"थांब," आक्का ओरडल्या. "तितंच थांब. ट्रॅक्टरपाशी."

पोरगी दचकून जागच्या जागी उभी राहिली. "काय झालं आज्जी?"

आक्का उंबऱ्यावर उभ्या होत्या. नुसत्या बघत होत्या, केसांपासून पायांपर्यंत आणि परत वर. घरी आली की ही पोरगी धावत येऊन गळ्यात पडायची, आणि आक्कांना तिचं नाक दिसायचं, नाहीतर एक डोळा. अख्खी पोरगी दोन वर्षांत त्यांना दिसलेलीच नव्हती.

"केवढी उंच झालीस गं," त्या म्हणाल्या. "आन् बूट फाटलाय तुझा. डावा."

ऋतुजानं खाली बघितलं. बूट खरंच फाटला होता.

आक्कांनी दोन्ही हात पसरले. "ये आता."